आईचा कासोद आणि बारा हजार भातखाचरं

सगळ्यात आधी सांगून टाकते, आम्ही चीनची भिंत बघितली नाही. शांघाय नाही, बीजिंग नाही, ते मातीचे सैनिक पण नाहीत. जानेवारीत परत आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, भिशीत सगळे विचारतायत की मग नऊ दिवस केलंत काय, आणि मी म्हणते झाडं बघितली, की समोरचीचा चेहरा असा होतो जसं काही मी लोणावळ्याला जाऊन चिक्की न घेता परत आले. लिहीन लिहीन म्हणता मे संपत आला, आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मूळ आयडिया आईची. आईने ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिच्याबरोबर कर्वे रोडवर भाजीला जायचं तरी दर पन्नास पावलांवर थांबावं लागतं. तिच्या बिल्डिंगच्या गेटसमोर एक जुना कासोद आहे, पिवळ्या फुलांचा, तुमच्याही रस्त्यावर असेल, पुण्यात खूप आहेत. दर पावसाळ्याआधी त्याच्या फांद्या छाटायला माणसं येतात आणि आई खाली उतरून त्यांच्याशी भांडते, हा आमच्याकडे सणावारासारखा ठरलेला कार्यक्रम आहे.

डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडात गवा शिरला होता ते आठवत असेल. आईच्या घरापासून फार लांब नाही. ती गर्दी, ती पळापळ, आणि शेवटी तो गेला. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. आणि मग पुढच्याच जूनमध्ये फोनवर ते व्हिडिओ यायला लागले, चीनमधले हत्ती चालत निघालेत, पंधरा-सोळा जणांचा कळप, आपलं जंगल सोडून सरळ उत्तरेला, पाचशेएक किलोमीटर, पार कुनमिंग शहराच्या वेशीपर्यंत, आणि लोक काय करतायत तर ट्रक आडवे लावून रस्ते बंद करतायत, पुढच्या गावातली माणसं हलवतायत, वरून ड्रोनने लक्ष ठेवतायत आणि वाटेत खायला मका टाकतायत. ऑगस्टमध्ये कळप नदी ओलांडून परतीला लागला. ते सगळे हत्ती चिखलात एकमेकांना टेकून झोपलेला फोटो आईने तीन वर्षं वॉलपेपर ठेवला होता. तेव्हापासून एकच, "हे ज्या जंगलातून निघाले ना ते मला बघायचंय."

त्या जागेचं नाव शीश्वांगबान्ना. तिथले लोक नुसतं बान्ना म्हणतात. युन्नान प्रांताचं अगदी खालचं टोक, एका बाजूला म्यानमार, एका बाजूला लाओस, मधून लानत्सांग नदी वाहते जिला पुढे गेल्यावर जग मेकाँग म्हणतं. नाव मूळचं ताई लोकांचं, सिपसोंग पन्ना, सिपसोंग म्हणजे बारा आणि पन्ना म्हणजे हजार खाचरं, थोडक्यात बारा हजार भातखाचरं. हे ताई म्हणजे थायलंडमधल्या लोकांचे चुलतभाऊच, भाषा जवळची, भात चिकट, धर्म थेरवादी बौद्ध.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला चीनला जाऊन जंगल? ताम्हिणी काय वाईट आहे? मग आईने त्याला, "निनाद, तुम्ही नका येऊ, आम्ही दोघी जाऊ" म्हणलं आणि त्याने निमूटपणे व्हिसाचे फॉर्म भरले.

पुण्याहून बँकॉक, तिथून कुनमिंग, आणि कुनमिंगहून ट्रेन. ही ट्रेन भारी आहे, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, कुनमिंगपासून थेट लाओसच्या राजधानीपर्यंत हजारावर किलोमीटर जाते, आम्ही साडेतीन तासांत बान्नाला उतरलो. पण खिडकीची सीट मिळाली म्हणून खूश होऊ नका, कारण बोगदा, दोन सेकंद दरी, परत बोगदा. खंडाळ्याचा घाट साडेतीन तास. आईने सगळा प्रवास "ते बघ, ते बघ... गेलं" यातच काढला. एक महत्त्वाचं, आपलं नेहमीचं मॅप आणि सर्च तिकडे चालत नाही, आणि रोख पैसे बघितल्यावर भाजीवाली सुद्धा गोंधळते, सगळं फोनच्या स्कॅनवर, त्यामुळे अलिपे इथूनच सेट करून जा. आमची एक बॅग बँकॉकातच राहिली आणि दोन दिवसांनी आली, त्यात आईची औषधं नव्हती हे नशीब, फक्त माझे सगळे कपडे होते.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता उठले तर बाहेर काळोख. पूर्ण चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं, आणि बान्ना एवढं पश्चिमेला की जानेवारीत सूर्य आठच्या सुमाराला येतो. आणि आला तरी दिसत नाही कारण धुकं. धुकं म्हणजे आपलं सिंहगडावरचं हौशी धुकं नाही, पानांवरून टपटप पाणी गळतं, मला वाटलं पाऊस पडतोय. आईने सांगितलं की इथली खरी गंमत हीच आहे. पुण्याहून हे ठिकाण उत्तरेला आहे, पुणे साडेअठरा अंशांवर आणि हे एकवीस-बावीसवर, इथलं मुख्य शहर जिंगहोंग, त्याची उंची पण आपल्याएवढीच, साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि पाऊस आपल्यासारखाच मोसमी, हिवाळाभर कोरडं. मग सदाहरित जंगल टिकतं कसं? तर बऱ्याच अंशी या धुक्यावर. रोज रात्री धुकं उतरतं, सकाळी उशिरापर्यंत बसून राहतं, झाडं तेवढ्यावर कोरडे महिने काढतात. चीनच्या एकूण जमिनीचा जेमतेम पाव टक्का भाग, पण जंगली हत्ती सगळ्या देशात फक्त युन्नानच्या या दक्षिण पट्ट्यातच, साधारण तीनशे.

आम्ही थेट मंगलुनला गेलो, तिथलं बोटॅनिकल गार्डन बघायला. (हे ज्या तालुक्यात येतं त्याचं नाव मंगला. माझ्या आत्याचं नाव. आईने बसमधून पाटीचा फोटो काढून लगेच आत्याला पाठवायचा प्रयत्न केला, व्हॉट्सअ‍ॅप अर्थातच बंद.) हे गार्डन १९५९ मध्ये त्साय शीताओ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुरू केलं, लुओसुओ नदीने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेली एक भोपळ्याच्या आकाराची जमीन आहे, तिथे झाडी तोडत रस्ता करत आत शिरून. आज अकराशे हेक्टरच्या वर आहे आणि झाडांच्या तेरा हजाराच्या आसपास जाती. बॅटरीवाली गाडी असते, ती घ्या, आम्ही आईमुळे घेतली आणि आईमुळेच दर पाच मिनिटांनी सोडली.

इथे मी दोन दिवस सांगू शकते पण तीनच गोष्टी सांगते.

एक नाचणारं रोप. साधं गुडघ्याएवढं झुडूप, त्याच्या मोठ्या पानाच्या देठाशी दोन चिमुकली पानं असतात आणि ती खरोखर हलतात, डोळ्याला दिसतील एवढी, घड्याळाच्या काट्यासारखी गोल गोल. तिथल्या गाइडने घोळक्याला सांगितलं गाणं म्हणा, गाण्यावर नाचतं, आणि वीस बायका एकदम त्या रोपासमोर गायला लागल्या. आईला राहवेना. ती मला म्हणे, "अगं गाण्याबिण्याने नाही, ऊन आणि उष्णता, जगदीशचंद्र बोसांनी याच रोपावर प्रयोग केलेत कलकत्त्यात, सांग त्यांना." मी ट्रान्सलेटरमध्ये टाकलं, गाइडने वाचलं, हसली, आणि फोनवर उत्तर दाखवलं, आजी तुम्ही पण एक गाणं म्हणा. आईने जात्यावरची ओवी म्हटली. रोप नाचलं. ते तसंही नाचतच होतं.

दुसरं, एक प्रचंड झाड, दोरी बांधून लोकांना लांब ठेवलेलं, चिनी नावाचा अर्थ 'रक्त दिसलं की गळा बंद'. याचा चीक बाणाच्या टोकाला लावायचे, तो रक्तात गेला की हृदय थांबतं. लोक घाबरून सेल्फी काढत होते आणि आई मागे जाऊन खोड, पानं बघून आली आणि म्हणाली, "हा चांदकुडा आहे!" आपल्याकडे, कोकणात, सिंधुदुर्गातल्या देवरायांत असतो म्हणे. याची साल कुटून इथले लोक पूर्वी कपडा करायचे आणि आपल्याकडे त्याच सालीच्या पिशव्या करायचे. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी सिंधुदुर्गात मासे खायला जाते.

तिसरं म्हणजे श्रीताड, ज्याच्या पानांवर ताई लोक पोथ्या लिहायचे, अजूनही देवळांत लिहितात. पानं उकळून, दाबून, सरळ करून, लोखंडी टोकाने अक्षर कोरायचं आणि वर काजळी चोळायची की अक्षर काळं उठतं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, तीस-चाळीस-साठ वर्षं थांबून, आणि मग मरतं. आई त्याच्याखाली जरा जास्तच वेळ उभी राहिली, मी हाक मारली नाही.

बाहेर एका बाईकडून लाल बोराएवढी चमत्कारी फळं घेतली, मूळ पश्चिम आफ्रिकेतली, चवीला काही खास नाही पण चोखून झाल्यावर अर्धा तास आंबट गोष्ट गोड लागते. निनादने अख्खं लिंबू खाल्लं आणि म्हणाला मोसंबी आहे. रात्री त्याचं पोट बिघडलं, कारण जिभेला गोड लागलं तरी पोटात लिंबूच जातं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून अजून दक्षिणेला, वांग थ्येन शू. अर्थ 'आकाशाकडे बघणारं झाड', साठ-सत्तर मीटर उंच सरळसोट, खाली फांदी नाहीच. याचा शोध १९७० च्या दशकात लागला आणि तो मोठा विषय झाला, कारण तोपर्यंत बाहेरचे अभ्यासक म्हणायचे की चीनमध्ये खरं वर्षावन नाहीच, आशियातल्या वर्षावनात जी झाडांची साल-कुळातली मंडळी असतात ती इथे कुठे आहेत? आणि मग हे सापडलं, आपल्या सालवृक्षाच्या कुळातलं. या झाडांना दोर बांधून वर झुलता पूल केलाय, जमिनीपासून पस्तीस-छत्तीस मीटरवर, म्हणजे बारा मजल्यांवर, पाचएकशे मीटर लांब, दोन्ही बाजूंना जाळी आणि पायाखाली शिडीसारखी अरुंद पट्टी. लोक अंतर ठेवून सोडतात. मी पहिल्या झाडापर्यंत गेले आणि तिथल्या फळीवर खोडाला मिठी मारून उभी राहिले, पाय लटपटत होते हे खरं, पण तेवढ्यात मागून आई आली, वय ६८, म्हणाली, "सरक जरा, खालून याची पानं दिसत नाहीत," आणि पुढे गेली.

येताना वाटेत मी म्हटलं किती जंगल आहे ना दोन्ही बाजूला. आई काही बोलली नाही. मग म्हणाली, नीट बघ. मग दिसलं, सगळी झाडं एका जातीची, एका वयाची, ओळीत, प्रत्येकाच्या छातीला वाटी बांधलेली. रबर. १९५० च्या दशकापासून सरकारी मळे आले, नंतर भाव वाढले तसे गावोगावच्या लोकांनी लावलं, डोंगरच्या डोंगर. जानेवारीत पानं गळतात म्हणून लालसर दिसत होतं, फोटोत फार सुंदर येतं. आपल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्प आहे ना, दुरून हिरवंगार आणि आत गेलं की खाली गवत नाही आणि वर पाखरू नाही, तसंच. तिकिटाच्या जंगलांमध्ये जायला-यायला हेच रबर ओलांडावं लागतं, तासन् तास. माहितीपत्रकात याचा फोटो नसतो. मात्र ज्यांनी लावलं त्यांना पण नावं ठेवता येत नाहीत मला, घरावर पक्कं छप्पर आणि पोराला कॉलेज त्या वाटीतूनच आलंय.

हत्तींचं सांगते, दिसले नाहीत. जिंगहोंगच्या उत्तरेला जंगली हत्तींची दरी म्हणून पार्क आहे, दोन किलोमीटरचा रोपवे झाडांच्या शेंड्यांवरून जातो आणि खाली खांबांवर उभारलेल्या लाकडी वाटेवरून चालायचं, म्हणजे हत्ती खालून आणि माणसं वरून. ताजी लीद दिसली, आईला तेवढ्यात आनंद. तिथेच हत्तींचं बचाव केंद्र आहे, जखमी आणि चुकलेले हत्ती सांभाळणाऱ्या माणसांना तिकडे 'हत्तीबाबा' म्हणतात, त्यातला एक जण एका छोट्या हत्तिणीला नदीत ब्रशने घासत होता आणि ती दर दोन मिनिटांनी ब्रश काढून घेत होती. आई तिथे दीड तास बसली. मी आणि निनादने कपातले नूडल्स खाल्ले.

मोरांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शहराजवळच्या प्राथमिक जंगलाच्या पार्कात मोर उडवायचा शो असतो, मोर हे ताई लोकांचं लाडकं, नाचात मोर, नक्षीत मोर, रिक्षावर मोर. तळ्याकाठी हजारभर माणसं बसतात, एक मुलगी शिट्टी मारते आणि पलीकडच्या टेकडीवरून शेकडो मोर एकदम उडत येतात, पिसारे लांब सोडून, डोक्यावरून, पाण्यावरून. खोटं कशाला बोलू, काटा आला. पण दाणे खाऊन झाले की तेच मोर मान खाली घालून रांगेने चालत टेकडीवर परत जातात, पुढच्या शोसाठी. आणि ते सगळे निळे, म्हणजे आपलेच, भारतीय. बान्नाचा स्वतःचा मोर हिरवा असतो, मानेपर्यंत हिरवा, उंच तुऱ्याचा, तो आता चीनमध्ये अगदी थोडा उरलाय आणि शोमध्ये त्याच्या नावाने आपला निळा मोर ड्युटी करतो. शेजारच्या चिनी काकूंनी मला फोनवर विचारलं, तुमच्या देशात मोर असतात का? मी मोराची चिंचोलीचे फोटो दाखवले, शेतात उभे, बाजूला म्हैस. त्यांना विश्वास बसेना की तिकीट नाही.

आता गानलानबा. हे माझं सगळ्यात आवडतं आणि इथे जायला मीच सगळ्यात नाखूश होते, कारण नाव 'ताई बाग' आणि कल्चरल पार्क म्हटलं की मला ते प्लास्टिकच्या झोपड्या आणि पगारी आदिवासी असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण ही पाच खरीखुरी गावं आहेत, एकमेकांना लागून, आणि त्यांच्याभोवती कुंपण घालून गेटवर तिकीट लावलंय. म्हणजे लोक आत राहतात, शेती करतात, लग्नं होतात, आणि तुम्ही तिकीट काढून त्यांच्या अंगणातून फिरता. विचित्र वाटतंच. एक आजोबा पायरीवर बसून बांबू तासत होते, त्यांच्यासमोर चार जण कॅमेरे घेऊन, ते कोणाकडेही बघत नव्हते.

दुपारी मोठ्या गोल चौकात पाणी उडवायचा कार्यक्रम, रोज. खरा सण एप्रिलच्या मध्याला, ताई नवीन वर्ष, पण पर्यटकांसाठी बारा महिने होळी. ढोल लांब, हत्तीच्या पायासारखे, बायका रंगीत लुंगीसारख्या घेरात, केसांत फुलं, एक मिरवणूक हौदाभोवती फिरते आणि मग सुरू, वाट्यांनी, बादल्यांनी, ज्याला भिजायचंय त्याने कपडे भाड्याने घेऊन आत उतरायचं. निनाद उतरला. एका सात वर्षांच्या पोराने त्याला अर्धा तास धुतला. आई कोरड्या बाजूला प्लास्टिकचा कोट घालून उभी होती, तिथल्या एका ताई बाईने येऊन हातातल्या वाटीत पान बुडवून तिच्या खांद्यावर चार थेंब शिंपडले, फक्त चार, आणि हात जोडले. खरी पद्धत तीच म्हणे, वडीलधाऱ्यांना असं हळू शिंपडायचं. बादलीची मजा नंतरची.

त्या रात्री आम्ही तिथेच एका घरात राहिलो. खांबांवरचं लाकडी घर, खाली स्कूटर, कोंबड्या आणि धान्य, वर माणसं, चपला जिन्याखाली. मालकीणबाईंचं नाव 'यू'ने सुरू होत होतं, शेजारणीचं पण, तिच्या सुनेचं पण, तिकडे सगळ्या बायकांची नावं अशीच आणि सगळ्या पुरुषांची 'आय'ने. गाइडने आधी बजावलं होतं की यजमानांच्या झोपायच्या खोलीत डोकावायचं नाही, डोकावलं तर तीन वर्षं त्यांच्याकडे राबावं लागतं. निनादने नंतर सगळीकडे जमिनीकडे बघत चालायचं ठरवलं आणि खांबाला डोकं आपटून घेतलं.

जेवण केळीच्या पानावर, हाताने. एवढं सुख झालं! इतके दिवस चॉपस्टिकने दाणा दाणा वेचल्यावर हाताने भात. मधोमध चिकट भात, भोवती गवती चहा घालून भाजलेला मासा, आंबवलेले बांबूचे कोंब, पुदिना, तिखट ठेचा, अननस कोरून त्यात शिजवलेला भात. आई शाकाहारी, तिच्यासाठी भोपळा, पालेभाज्या आणि कैरीला तिखटमीठ. कैरीला तिखटमीठ! मंडईच्या बाहेर मिळते तशीच. शाकाहारी मंडळींनी मात्र आधीच चार वेळा सांगून ठेवा, कारण तिकडे मटणाच्या रश्श्यातली भाजी ही भाजीच.

जेवण झाल्यावर आईने पर्समधून डबी काढली. आम्ही संक्रांत करूनच निघालो होतो ना. तिने यूबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मला म्हणाली, सांग त्यांना. आता तिळगूळ घ्या गोड बोला हे ट्रान्सलेटरला काय कळणार, त्याने काहीतरी 'तीळ साखर खा आणि तुमचा आवाज छान करा' असं केलं असावं कारण त्या घसा साफ करायला लागल्या. मग मी टाइप केलं की हा आमचा सण, नाव संक्रांत. फोन मोठ्याने 'संक्रांत' बोलला आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, सांगकान? त्यांच्या पाण्याच्या सणाचं नाव. सांगकान पी माय, पी माय म्हणजे नवीन वर्ष, आणि सांगकान म्हणजे आपली संक्रांत, आपली मकर आणि त्यांची मेष. थायलंडचं सोंगक्रान पण तेच. दोघी एकमेकींना सांगकान, संक्रांत, सांगकान, संक्रांत म्हणत हसत सुटल्या आणि फोन बिचारा भाषांतर करायला काहीतरी शोधत बसला. त्यांनी मग सासरेबुवांना बोलावलं. सासरे तरुणपणी चांगखा होते, म्हणजे गावोगाव गाऊन गोष्टी सांगणारे, आपले शाहीर किंवा कीर्तनकार समजा. त्यांनी पंखा तोंडासमोर धरून थोडं गायलं, गोष्ट लंका सिप हो, म्हणजे लंकेचा दहा डोक्यांचा राजा. सिप म्हणजे दहा हे मला सिपसोंगमुळे आपोआप कळलं आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. रामायण श्रीताडाच्या पानांवरून इथवर आलंय आणि मी आयुष्यभर चीन म्हणजे मंचुरियन समजत होते.

सकाळी मी उठले तर आई घराच्या मागे उभी. अंगणाच्या कडेला झाडांची रांग होती, पण झाडं कशी तर छातीपर्यंत जाड खुंट, वरचा माथा कापलेला, गाठीगाठींचा, आणि त्यातून दहा-बारा सरळ फांद्या फुटलेल्या. शेजारी कापलेल्या लाकडांची चळत, आतून काळा गाभा, बाहेर पिवळट कड. आई एका पानाकडे बघत होती. मला म्हणाली, "हा कासोद आहे."

यूबाई चूल पेटवत होत्या, त्यांनी सांगितलं. काळ्या गाभ्याचं झाड म्हणतात त्याला. प्रत्येक घर आपापलं लावतं, काही वर्षांनी माथा कापायचा, जळण होतं, परत फुटतो, परत कापायचा, आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं अजून जळण देतायत. आणि म्हणून डोंगरावर कोणी लाकडाला जायचं नाही. त्यांनी हात करून दाखवलं, लांब धुक्यात एक टेकडी होती, तिथे गावाचा देव राहतो, तिथली काडी पण आणत नाहीत. "देवराई," आई म्हणाली. बान्नात अशा टेकड्या शेकड्यांनी होत्या, बऱ्याच रबरात गेल्या, ही राहिली.

आई नंतर नाश्ता होईपर्यंत गप्प होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तीस वर्षं भांडतेय मी."

पुढचे दोन दिवस जिंगहोंग शहर, त्यात फार राम नाही, किंवा मला दिसला नाही. मानथिंग पार्क ही जुन्या ताई राजाची बाग, तिथे चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चाऊ एनलाय यांचा ताई कपड्यातला पुतळा आहे, ते १९६१ मध्ये पाण्याच्या सणाला आले होते त्याची आठवण. रात्री नदीकाठचा बाजार, सोनेरी पॅगोडा, लाखभर दिवे, आणि ताई ड्रेस भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या मुली एवढ्या की खऱ्या ताई कोण हे कळायला मार्ग नाही. मी पण काढला. मोरपंखी, डोक्यावर फुलं. आमच्या मागच्या पोऱ्याने आईला "शाओ दुओ ली!" अशी हाक मारली, त्याचा अर्थ सुंदर तरुणी, आईने त्याच्याकडून तीन पंखे विकत घेतले.

तर परवा फांद्या छाटायला माणसं आली. आईचा फोन नाही आला म्हणून मीच स्कूटर काढून गेले, म्हटलं भांडण सुरू असेल तर धरायला कोणीतरी हवं. तर आई खाली खुर्ची टाकून बसलेली, वर शिडीवरच्या मुलाला सांगतेय, "अरे तिथे नको, जरा वर, गाठीच्या वर घे, आणि तिरका काप, पाणी साचता कामा नये, तिथूनच फुटतं परत." मुलगा म्हणतोय, "आज्जी, आज काय झालं तुम्हाला?"

मनगटाएवढ्या जाड फांदीचा एक तुकडा तिने वेगळा काढायला लावला. कापलेल्या बाजूला थोडं पाणी लावून मला दाखवला, मधोमध काळा, रुपयाएवढा. आता तो टीव्हीशेजारी ठेवलाय, हत्तीच्या लाकडी मूर्तीला लागून, आणि मुंग्या येतायत म्हणून निनाद रोज तो बाल्कनीत नेतो आणि आई रोज आत आणते.